बॅटरीच्या काचेवरची हळद

अर्नाळ्यात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी पांडू तांडेलाच्या ओट्यावर जायची आणि मग समुद्रावर. हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. नायलॉनचा दोर असो, गमबूट असोत, इंजिनाचं नवं तेल असो, पांडू ती वस्तू हातात घ्यायचा, हुंगायचा, जमलं तर दाताखाली धरायचा, खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग एकदाचा निकाल द्यायचा. निकाल दोनच. "चालंल", नाहीतर "नाय चालनार". एकदा मुंबईहून रेनकोट विकायला एक टायवाला माणूस आला होता. पांडूनं त्याचाच रेनकोट त्याच्या अंगावर चढवला, त्याला विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि बादलीमागून बादली ओतली. बिचाऱ्याचा टाय गळ्यापासून टोकापर्यंत भिजला. त्या वर्षी अर्नाळ्यात एकही रेनकोट खपला नाही आणि पांडूचा भाव मात्र वधारला.

त्यामुळे त्याचा मुलगा हार्दिक दुबईहून बॅटरी घेऊन आला, तेव्हा तीसुद्धा आधी त्याच ओट्यावर आली. मुलगा म्हणून सवलत नव्हती.

तेव्हा कोळीवाड्यात मोबाईल नुकते कुठे खिशाखिशात दिसायला लागले होते. बॅटरी म्हणजे तीन सेलची, हातभर लांब, पिवळट उजेडाची, आणि पेटली नाही तर मांडीवर आपटायची. हार्दिकनं खोक्यातून काढली ती मुठीत धरल्यावर जेमतेम दोन टोकं बाहेर राहतील एवढीशी. काळी, अंगावर बारीक खाचा, तोंडाला करवतीसारखे दाते, बटन शेपटीला. खोक्यावर इंग्रजीत 'टॅक्टिकल' असं लिहिलेलं.

"म्हंजे काय रं?" पांडूनं विचारलं.

"पोलीस, मिलिटरीवाले वापरतात ना बाबा, तसली. एलईडी आहे. आत बल्बच नाही, फुटायचा सवाल नाही."

"आनि हे दात कोनाला चावायला?"

"चोराला. एक हाणली की काम तमाम."

"आपल्याकडं चोर नाय. बोंबील हाय," पांडू म्हणाला आणि बॅटरी हुंगली.

हार्दिक हसला, पण त्याचं सगळं लक्ष बापाच्या चेहऱ्यावर होतं. त्याला कारण होतं. चार पैसे मिळावेत म्हणून तो कित्येक वर्षं परदेशी जहाजांवर राबत होता. आता त्याची बायको अमिषा पोटुशी होती आणि त्याला परत जायचं नव्हतं. आगाशीच्या बाजारात, एसटी थांबते तिथून जवळच, एक गाळा त्यानं बघून ठेवला होता. बोटींना लागणारं सामान विकायचं, दोर, दिवे, बूट. सुरुवात या बॅटरीनं करायची. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आत्माराम यांनी त्याला सांगितलं होतं, "प्रत्येक बोटीला एक अशी घेऊ आपण. पन आधी पांडूनं हो म्हनायला पायजे." पांडूनं हो म्हटलं तर दुकान उघडणार होतं. नाही म्हटलं तर जहाजाचा एजंट मुंबईत वाट बघत बसलाच होता.

म्हणजे पोरगा घरी राहणार की समुद्रापलीकडे जाणार, हे बापाच्या एका शब्दावर आलं होतं. पांडूची बायको बायजा हे जाणून होती. ती देवाला रोज एक फूल जास्त वाहायला लागली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी अर्नाळ्यात कुणाला ठाऊक नव्हती, निदान पांडूला तसं वाटत होतं. वर्षभरापासून त्याचे डोळे त्याला दगा देत होते. आधी धक्क्यावरच्या दिव्याला उजेडाचे केस फुटले. मग चंद्राला फुटले. मग पहाटेच्या काळोखात बोया दिसेनासा झाला. बोया म्हणजे समुद्रात रोवलेल्या जाळ्याची जागा सांगणारा तरंगता डबा, त्याच्यावर काठी आणि काठीला झेंडा. तो ज्याला लांबून दिसतो तो तांडेल, बोटीचा प्रमुख. बाकीचे खलाशी.

पांडू तरीही रोज बोट नेमकी जाळ्यावर नेत होता. किल्ल्याच्या बुरुजाला वळसा घालून आलेला वारा कुठल्या गालाला लागतो, पाणी बोटीच्या कुठल्या बाजूला थापटतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. उरलेलं काम तो फ्रान्सिसकडून करून घ्यायचा. फ्रान्सिस त्याच्या बोटीवरचा सगळ्यात चलाख खलाशी. जाळ्याच्या जवळ आलं की पांडू इंजिन हळू करायचा आणि ओरडायचा, "फ्रान्सिस, बोया कुठं? मी सांगनार नाय. तू शोध." फ्रान्सिस शोधायचा, हातानं दिशा दाखवायचा, आणि पांडू शाबासकी द्यायचा. दादा आपल्याला शिकवतोय, असं समजून फ्रान्सिस त्याच्यावर जीव टाकत होता.

पांडूनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला भीती वाटत होती. बोटीवरून उतरलेला तांडेल किनाऱ्यावर जाळी शिवत बसतो, आणि याला तर सुईत दोराही ओवता आला नसता. डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर बोलणार, मग गाव बोलणार. त्यापेक्षा दिवे खराब, धुकं जास्त, काचा मळलेल्या, असं म्हणणं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसायचा.

बॅटरीची परीक्षा सुरू झाली. पांडूनं ती खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी काढली. पेटली. ओट्यावरून दगडावर टाकली. काळ्या रंगाचा टवका गेला, पण पेटली. मग त्यानं दोन्ही हातांना माशाचं तेल चोळलं आणि बॅटरी धरली. जुनी गुळगुळीत बॅटरी अशा हातातून साबणासारखी निसटायची, ही खाचांमुळे घट्ट बसली. शेपटीचं बटन अंगठ्याखाली बरोबर यायचं. पांडूच्या कपाळावरची एक आठी कमी झाली.

"पान्यात बुडते मातर," तो म्हणाला. "हातातून सुटली की गेली तळाला."

"दोरी आहे ना मनगटात घालायला."

"दोरीला थर्माकोलचा तुकडा बांध. आनि सेल?"

इथे हार्दिक जरा चाचरला. सेल बुटके, जाड, कॅमेऱ्यात घालतात तसले. अर्नाळ्यात मिळणारच नव्हते, आगाशीतही नव्हते, विरारला एखाद्या फोटो स्टुडिओत मिळाले तर मिळाले. "मी दुकानात ठेवीन ना," तो म्हणाला.

"आदी दुकान तर होऊ दे," पांडू म्हणाला, पण आवाजात कडूपणा नव्हता.

आणखी एक भानगड निघाली. बटन भराभर दाबलं की बॅटरी वेड्यासारखी लुकलुकायची. शत्रूचे डोळे दिपवायला म्हणे. हार्दिकनं संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून ते करून दाखवलं, तर परतणारी एक बोट तोंड फिरवून जीव खाऊन त्यांच्याकडे धावत आली. कुणी बुडालं असं वाटलं त्यांना. त्यांच्या शिव्या दोघांनीही मुकाट ऐकून घेतल्या.

राहिला उजेड. तो समुद्रावरच बघायचा होता.

नवी वस्तू बोटीवर जाते तेव्हा घरची बाई तिला हळद-कुंकू लावते. इंजिनाला लावते, जाळ्याला लावते, दोरालाही लावते, आणि पहिल्या फेरीची मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत ती हळद पुसायची नसते. बायजा पहाटे वाटी घेऊन बाहेर आली, बॅटरी उलटीसुलटी करून पाहिली आणि ओली हळद सरळ तिच्या काचेवर माखली, कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

"आये! लेन्सवर?" हार्दिक कळवळला. "उजेडाची वाट लागेल ना!"

"पहिली फेरी होऊ दे. मंग धू," बायजा म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली.

हळद लावलेली ती बॅटरी घेऊन बोट निघाली. थंडीचे दिवस, पाण्यावर पातळ धुकं. हार्दिक पुढे उभा राहिला, मागे सुकाणूवर पांडू. जाळ्याच्या जवळ आल्यावर हार्दिकनं बटन दाबलं आणि पाण्यावर पिवळा, मऊ, पण जुन्या बॅटरीच्या दुप्पट लांब जाणारा उजेड पसरला.

पांडूला बोया दिसला.

नुसता डबा नाही, काठी दिसली, काठीवरचा झेंडा दिसला, झेंड्याचा फाटलेला कोपरा दिसला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं फ्रान्सिसला काही विचारलं नाही. सरळ बोट डब्याशेजारी नेऊन लावली. डोळे गेले नव्हते तर! दिवेच फालतू होते. पोरानं बापासाठी नेमकी वस्तू आणली होती.

"चांगली हाय," तो मोठ्यानं म्हणाला. हार्दिकनं चमकून मागे पाहिलं, कारण बापाच्या तोंडून 'चालंल'च्या पुढचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"मना तर जुन्यासारखीच वाटते," फ्रान्सिस हळूच म्हणाला. "पिवळीच. जरा लांब जाते, एवढंच."

"हळद आहे रे काचेवर," हार्दिक म्हणाला. "उद्या बघ तू. आग आहे आग."

घरी आल्यावर त्यानं काच साबणानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली, आणि संध्याकाळी आत्मारामना निरोप दिला की उद्या तुम्हीच बोटीवर या.

दुसऱ्या पहाटे आत्माराम मफलर गुंडाळून बोटीत बसले. त्यांचं स्वतःचं जाळं पांडूच्या जाळ्याच्या शेजारीच होतं, तेव्हा एका फेरीत दोन कामं. धुकं कालच्याइतकंच होतं. हार्दिकनं बॅटरी पेटवली आणि बोटीवर एकच गलका झाला.

"आयला! दिवस उजाडला!"

"तो बग, तो बग, पार पलीकडचा बोया!"

आत्माराम तर उभेच राहिले. आणि पांडूच्या डोळ्यांपुढे कुणीतरी पांढरी चादर धरली. पाणी नाही, बोया नाही, समोर उभा असलेला पोरगाही नाही. सगळं दुधासारखं पांढरं. त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चादर हलेना.

त्या क्षणी इंजिन बंद करायला हवं होतं. ते पांडूला कळलंही होतं. पण चेअरमन बोटीवर, पोराची परीक्षा चाललेली, सगळे वाहवा करताहेत, आणि तांडेल म्हणणार की मला दिसत नाही? त्यानं वाऱ्याकडे गाल केला, पाण्याचा थापटा ऐकला आणि सवयीनं बोट पुढे घेतली.

"दादा, डावीकडं! दादा!" फ्रान्सिस ओरडला.

पांडूनं सुकाणू वळवलं, पण उशीर झाला होता. बोटीखाली काहीतरी धपकन आदळलं, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. आत्मारामांच्याच बोयाचा दोर बोटीखालच्या पंख्यात गुंडाळला गेला होता. चाळीस वर्षांच्या तांडेलकीत पांडूनं दुसऱ्याच्या दोरावर बोट घातली नव्हती.

फ्रान्सिसनं सुरी दातांत धरली आणि गार पाण्यात उडी मारली. तो खाली दोर कापत होता तेव्हा एक लाट आली, बोट हलली आणि पंख्याच्या पात्यानं त्याचा तळहात फाडला. तो वर आला तो हात छातीशी धरूनच. बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात रक्त लालभडक दिसत असणार. पांडूला ते दिसलं नाही. त्याला फक्त फ्रान्सिसचे दात वाजताना ऐकू आले.

"तुजी काय चूक, दादा," फ्रान्सिस कुडकुडत म्हणाला. "ही बॅटरीच भलती. डोळे दिपले तुजे."

पांडूनं चाचपत इंजिन पुन्हा सुरू केलं.

किनाऱ्याला लागल्यावर आत्मारामांनी हार्दिकच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नको. पन पांडूसारख्याचे डोळे दिपतात, तर बाकीच्यांचं काय होईल? ही वस्तू बोटीवर नको. संध्याकाळी सोसायटीत तसं सांगून टाकतो." बॅटरीला तोंड नव्हतं, ती काय बोलणार! सगळ्यांनी मान हलवली. पांडूनंही हलवली.

घरी बायजानं फ्रान्सिसचा हात धुतला, हळदीची पूड दाबून भरली आणि धुतलेल्या धोतराची पट्टी बांधली, आणि दुपारी आगाशीला डॉक्टरकडे जाऊन टाके घालून ये, असा दम दिला. जाताना फ्रान्सिस पुन्हा म्हणाला, "दादा, मनाला लावून घेऊ नको हां." त्यानं रागावून दोन शब्द सुनावले असते तर पांडूला बरं वाटलं असतं. माणूस आपल्यामुळे रक्तबंबाळ होतो आणि वर आपलीच समजूत घालतो, हे गिळणं फार जड जातं.

हार्दिक दाराशी उभा होता. "काल तर चांगली म्हणालात तुम्ही," तो म्हणाला. मग त्यानं बॅटरी खोक्यात ठेवली. "जाऊ दे. उद्या एजंटला फोन करतो मी." आत अमिषाच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

पडवीत पांडू आणि बायजा दोघंच उरली. हळदीची वाटी अजून मध्येच होती.

"बॅटरीला कपाळ असतं काय?" बायजानं विचारलं.

"काय बोलते तू?"

"टिळा एका बोटाचा लावतात. इंजिनाला मी एका बोटानं लावला, जाळ्याला एका बोटानं लावला. बॅटरीची आख्खी काच मी का माखली, ते इचारलं नाय तुमी."

पांडू तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा त्याला धड दिसत नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. भांडणाचा नव्हता तो.

"मागल्या गणपतीत मी इथली ट्यूब काढून पिवळा दिवा लावला," बायजा म्हणाली. "तुमाला सांगितलं, ट्यूब गेली. गेली नाय. माळ्यावर हाय, चांगली पेटते."

"मंग काढली कशाला?"

"ट्यूबच्या उजेडात तुमी माशाचे काटे बोटांनी चाचपत जेवत होता. पिवळ्या दिव्यात बघून जेवता."

बाहेर कुणीतरी बोंबील वाळत घालत होतं, काठ्यांचा आवाज येत होता. पांडूला आधी राग आला. वर्षभर आपण चोरी लपवली आणि चोरी घरातच माहीत होती, या गोष्टीचा कुणालाही राग येईल.

"मंग बोलली का नाय?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

"आनि पहिल्या फेरीला मना फसवलं? मी वेड्यासारखा चांगली, चांगली करत बसलो."

"फसवलं नाय." बायजा म्हणाली. "पोरानं एवढ्या लांबून आनली. मना वाटलं, एकदा तरी तुमाला तिच्यात दिसू दे."

पांडूनं हळदीची वाटी हातानं बाजूला सारली. तो भिंतीला टेकून बसून राहिला. गप्प राहणं किती सोपं होतं! गावानं बॅटरीला दोषी ठरवलंच होतं. सुकाणू त्याच्याच हातात राहणार होतं. फक्त पोरगा जहाजावर जाणार होता, बाळाचं पहिलं रडणं त्याला फोनवर ऐकावं लागणार होतं, आणि पुढच्या धुक्यात फ्रान्सिसचा हातच जाईल की आणखी काही, ते समुद्र ठरवणार होता. पांडूनं आयुष्यभर वस्तूंना निकाल दिले होते. हा एक निकाल मात्र त्याला तोंडातून काढवत नव्हता.

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. वीज गेलेली होती, त्या वर्षी ती रोजच जायची. आत्मारामांनी कंदिलाच्या उजेडात बोलायला सुरुवात केली, "बॅटरीचं असं झालं की..."

"थांब, आत्माराम," पांडू उठला. "परीक्षा मी केली. निकाल मी सांगनार."

हार्दिक मागे उभा होता. त्यानं मान खाली घातली.

पांडूनं घरून आणलेली बॅटरी हातात घेतली. "ही पान्यात बुडते. दोरीला थर्माकोल बांधल्याशिवाय बोटीवर न्यायची नाय. सेल विरारशिवाय मिळत नायत, ते हार्दिकनं दुकानात ठेवायला पायजेत, संपले तर त्याला पकडा. लुकलुकनारा उजेड जीव धोक्यात असंल तेव्हाच. गंमत म्हनून कोनी केला तर मी त्याच्या कानाखाली देईन." ओट्यावर थोडं हसू उमटलं. "बाकी खाऱ्या पान्यात टिकली, दगडावर टिकली, तेलाच्या हातातून सुटली नाय."

"आनि उजेड?" कुणीतरी विचारलं. "आज पहाटे तर..."

"हार्दिक, हिकडं ये," पांडू म्हणाला. "पेटव. तिथं वाळूवर बोटी ओढल्यात ना, पहिल्या बोटीवर टाक."

पांढरा झोत वाळूवरून सरकत गेला आणि एका बोटीवर थांबला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पांडूनंही पाहिलं.

"कोनाची बोट हाय ती?"

एवढ्या लख्ख उजेडात बोटीवरचं नाव शेंबडं पोरही वाचू शकलं असतं, आणि म्हणूनच कुणाला तोंड उघडवेना. शेवटी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून फ्रान्सिस पुढे आला.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "आपलीच."

पांडूनं मान हलवली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. स्वतःची बोट! रंग त्यानंच दिला होता.

"ऐकलं?" तो म्हणाला. "तुमाला सगळ्यांना दिसली. मना नाय दिसली. आज फ्रान्सिसचा हात बॅटरीनं नाय फाडला. दिसत नसताना मी सुकाणू धरून बसलो, त्यानं फाडला. वरीस झालं. फ्रान्सिस, तुला शिकवत नव्हतो मी. तुज्या डोळ्यांनी बोया बगत होतो."

"शिकलो मातर मी," फ्रान्सिस म्हणाला.

"म्हनून तर उद्यापासून सुकाणू तुज्याकडं. हात बांधलेला असला तरी डोळे हायत तुला."

आत्माराम उठून जवळ आले. त्यांना काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, वयाचं, ऑपरेशनचं, हल्ली सगळं बरं होतं त्याचं. पांडूनं हातानंच त्यांना थांबवलं.

"ते बगू मंग. वसईला डॉक्टर हाय, बायजा नेनार हाय. आदी बॅटरीचा निकाल." त्यानं बॅटरी आत्मारामांच्या हातात दिली. "चालंल" किंवा "नाय चालनार" ऐकायला सगळ्यांचे कान टवकारले होते. "घ्या," पांडू म्हणाला. "प्रत्येक बोटीवर घ्या."

हार्दिक बापाजवळ आला आणि लहानपणी धरायचा तसा त्याचा सदरा मागून मुठीत धरून उभा राहिला.

दुसऱ्या पहाटे पांडूला नेहमीच्याच वेळी जाग आली. शरीराला कोण सांगणार? बायजा आधीच उठली होती. दोघं वाळूवर जाऊन उभी राहिली. बोटी एकेक करून पाण्यात शिरत होत्या. पांडूच्या बोटीवर सुकाणूला फ्रान्सिस होता आणि पुढे हार्दिक, पांढऱ्या उजेडाची ती बॅटरी त्याच्याच हातात होती. पांडूला दिसत होतं ते फक्त पाण्यावर फुललेलं एक पांढरं, केसाळ फूल, आणि थोड्या वेळानं तेही धुक्यात विरघळलं.

इंजिनाचा आवाज मात्र त्याला नीट ऐकू येत होता. तो आवाज हजार आवाजांतून त्यानं ओळखला असता.

"कुठवर गेली?" त्यानं विचारलं.

"किल्ल्याच्या बुरुजापाशी आली," बायजा म्हणाली.

पांडूनं वाऱ्याकडे गाल केला. वारा डाव्या गालाला लागत होता. "तिथं पानी ओढतं," तो पुटपुटला. "डावी घे, फ्रान्सिस. आता. थोडी डावी घे." रिकाम्या हाताची मूठ आपोआप वळली आणि हळूच बाहेरच्या बाजूला सरकली.

बायजा धुक्यात डोळे रोखून बघत होती. तिनं नवऱ्याची ती मूठ आपल्या हातात घेतली.

"घेतली," ती म्हणाली.